घर रिकामं ठेवायचं नाही

नळदुर्ग
रविवार, १४ जुलै २०२४

कृष्णराज,

रविवार, ९ जून २०२४ रोजी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तू हायवेकडच्या घराची किल्ली एका परक्या मुलीच्या हातात दिलीस. वेळ मला शब्बीरकडून कळली. समोर त्याचं पंक्चरचं दुकान आहे आणि त्याच वेळेला हैदराबादची गाडी तिथं थांबते, म्हणून त्याच्या लक्षात राहिली.

वर चि. लिहिलेलं नाही, खाली आशीर्वादही नसेल. तू माझे फोन उचलत नाहीस. कावेरीच्या दहाव्याला मी चार माणसांत म्हणाले, की तुम्हांला पंचांग बघायला सवड होती, ॲम्ब्युलन्स बोलवायला नव्हती, तेव्हापासून. ते वाक्य मी मागे घेतलेलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी गेली, कुणाकुणाला कुठंकुठं जोडून दिलं, आणि आता सख्खा भाऊ लागत नाही. म्हणून पत्र. रजिस्टर्ड आहे. पोस्टमनला सही द्यावी लागेल, म्हणजे मिळालं नाही असं पुढं म्हणता येणार नाही.

तुझी बायको, कावेरी, धनिष्ठा नक्षत्रावर गेली. भटजी म्हणाले, मेलेलं माणूस सोबत शोधतं, सहा महिने घर सोडा, चूल पेटवू नका, कुणी झोपू नका. तुम्ही दाराला बाभळीची फांदी आडवी लावलीत आणि सोलापूरला मुलाकडं, दिग्विजयकडं निघून गेलात. मला हसू आलं होतं. मी कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सच्या हाताखाली शिकलेली बाई आहे. अंधाराला भिण्याबद्दल आम्हांला हातावर पट्टी बसायची. पण मी हसले तरी तुमच्या आड आले नाही. ज्याचं माणूस गेलं त्यानं आपलं दुःख हवं तसं बंद करून ठेवावं.

ती फांदी तू सव्वा महिन्यात काढलीस. तुझ्यासाठी नाही, भाडेकरूसाठी.

मला हे कसं कळलं तेही सांगते. काल बाजारात एक उंच, काळी, ऐटबाज पोरगी बोटांनी शेपूचा भाव करत होती. तिच्या हातात किल्ल्या होत्या आणि किल्ल्यांना कवड्यांचा गोंडा. कावेरीनं तो तुळजापुरातून आणला होता. एक कवडी तडकलेली आहे. मी गोंडा धरला आणि इंग्रजीत विचारलं, हे तुझ्याकडं कुठून आलं? पोरगी मुळीच घाबरली नाही. म्हणाली, "घरमालकांनी दिलं. आमच्याकडं समुद्रावर अशाच कवड्या असतात. मला वाटलं, शकुन चांगला आहे."

तिचं नाव नेएमा. टांझानियाची. आपल्या भागातल्या शेळ्यांवर संशोधन करायला आलेली. विद्यापीठानं प्रवेश दिला आणि राहायचं तुमचं तुम्ही बघा म्हणून सांगितलं. मग तिनं बघितलं. एका घरी, काय शिजवणार हे विचारून दार लावलं. एका घरी फोनवर इंग्रजी ऐकून खोली कबूल केली आणि पोरगी दारात उभी राहिल्यावर म्हणाले, आत्ताच गेली, बघा, पाचच मिनिटं झाली. एकीच्या सासूला तिची भीती वाटली. एकानं तिचा फोटो काढून घेतला आणि परत फोनच केला नाही. हे सगळं ती हसत सांगत होती. मला माझ्या गावाची लाज वाटली, आणि तशी ती मला सहसा वाटत नाही. शेवटी स्टँडवरच्या कुमार एजंटानं तिला तुझ्याकडं आणलं. "माझे घरमालक देवमाणूस आहेत, मिस," ती म्हणाली. भाडं इतकं कमी की तिला आधी चेष्टा वाटली. अट एकच. घर एक रात्रही रिकामं ठेवायचं नाही. रोज चूल पेटली पाहिजे, दिवेलागणीला देव्हाऱ्यात दिवा लागला पाहिजे.

मग तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. दारात तू, आणि शेजारी ती, कपाळाला कुंकू, ओटीत नारळ, अंगावर हिरवं इरकल. कावेरीचं.

तिला वाटलं, हा इथला भाडेकरूंचा मान आहे. तिथं भाजीवाल्यांसमोर मी काय सांगणार होते, ते तू मला कळव. परदेशी भाडेकरूची पोलिसांत नोंद करावी लागते, ती केलीस का, तेही कळव. आणि ज्या घरात झोपायला तुला भीती वाटते तिथं त्या पोरीला का झोपवलंस, ते सर्वांत आधी कळव.

अक्का

नळदुर्ग
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

कृष्णराज,

पोचपावती आली. सही दिग्विजयची. अक्षर अजून तसंच, मांजर चालत गेल्यासारखं. उत्तर नाही.

मी घरी जाऊन आले. कावेरी गेल्यापासून पहिल्यांदा. अंगणात एक काळी शेळी बांधलेली आहे, अभ्यासाची म्हणे. तिचं नाव मलाइका. आत सगळं लख्ख. फरशी कावेरी पुसायची तशी, कोपऱ्यापासून दाराकडं. नेएमानं चहा केला, आलं ठेचून, साखर कमी, गाळणी कपावर दोनदा आपटून. मी कौतुक केलं. म्हणाली, कुणी शिकवलं नाही, हात आपोआप तसा चालतो.

फोन अजून तिथंच आहे, खिडकीजवळ, कावेरीनं विणलेल्या झाकणाखाली. मी नोकरीत असताना माझ्या सवलतीत घेऊन दिला होता. सवयीनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. काही नाही. मेलेल्या लाइनचा एक आवाज असतो, बाकीच्यांना तो ऐकू येत नाही. मला येतो. लाइन मेलेली आहे. हायवे रुंद करताना केबल गेली ती गेलीच.

दुपारी तिनं पानं घेतली. मुद्दाम लिहिते, दुपारी, भर उन्हात, बाहेर ट्रकांचे हॉर्न चालू असताना. मी जेवून गेले होते आणि तसं तिला सांगितलं होतं. तरी तिनं दोन ताटं मांडली. "मी जेवलेय गं," मी म्हणाले. "हो, माहीत आहे, मिस," ती म्हणाली आणि दुसऱ्या ताटात वाढलं. मग स्वतःच त्या ताटाकडं बघत राहिली, खिशातून अनोळखी वस्तू निघाल्यासारखी. म्हणाली, सवय झाली बहुतेक.

मी तिला सांगितलं, माझ्याकडं ये. स्टँडमागं माझी मागची खोली रिकामी आहे. शेळीलाही जागा आहे. तिनं माझा हात धरला आणि नाही म्हणाली. शब्द दिलाय, म्हणाली. "मी अर्ध्यात सोडून गेले तर ते म्हणतील, बघा, ही परदेशी माणसं अशीच. मग माझ्या मागून येणाऱ्या मुलीला या गावात कुणी उभं करणार नाही." खरं कारण सांगायचं तर ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही ती तिला खरी म्हणून सांगायची. मी छत्री उचलली आणि निघाले.

कंपाउंडपाशी मैमुना भेटली, शब्बीरची बायको. भिंतीवर कोपर टेकवून माझीच वाट बघत असावी.

"मॅडम, लई दिवसांनी," ती म्हणाली. "पोरगी गुणाची हाय. पर दुपारची येकटीच बोलत बसती."

"फोनवर बोलत असेल. घरी आई आहे तिची."

"मराठीत?" मैमुना म्हणाली.

तेवढ्यात शब्बीर हात पुसत आला. त्यानं मला कुमार एजंटाकडून ऐकलेलं सांगितलं. तू कुमारला म्हणालास, हिकडचं गिऱ्हाईक नको. लांबचं बघ. जिच्यामागं विचारायला कुणी येणार नाही असलं.

"मॅडम, आमच्यात असलं कायी मानत न्हाईत," शब्बीर म्हणाला. "पर तुमच्यात मानत्यात ना? मंग मानणाऱ्या माणसानं ही पोरगी आमच्या दारासमोर का आणून ठिवली? आमी रोज बघायचं व्हय?"

त्याच्या पुढ्यात मी तुझी बाजू घेऊ शकले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हा आता मी विचारत नाही, सांगते. कावेरी सोबत शोधत येणार यावर तुझा विश्वास आहे. म्हणून तू तिला सोबत देऊन टाकलीस. घरची नको, गावातली नको, जिचं कुणी रडत येणार नाही अशी. ओटी भरून, तिचं लुगडं नेसवून, जागेवर नेऊन बसवलीस. हे खोटं असेल तर खोटं आहे असं लिही. एका ओळीचं काम आहे.

अक्का

नळदुर्ग
मंगळवार, २७ ऑगस्ट २०२४

कृष्णराज,

आज मी रागावून लिहीत नाही. राग आहे, पण आज तो लिहायला बसलेला नाही.

काल गोकुळाष्टमी. सुंठवडा घेऊन मी दुपारी घरी गेले. दार उघडं होतं. मी चपला काढत होते आणि आतून हाक आली, "वन्सं, आलात? पाय धुवून घ्या, च्या ठेवते."

तू पुरुष आहेस, तुला हा शब्द कधी जड वाटला नसेल. मला या जगात एकच बाई वन्सं म्हणायची. तुला दुसरा भाऊ नाही, मला दुसरी भावजय नाही. शेजारणी मला मॅडम म्हणतात, नेएमा मिस म्हणते. वन्सं म्हणणारीला आपण मे महिन्यात नदीकाठी पोचवून आलो.

मी आत गेले. नेएमा ओट्यापाशी उभी होती. चेहरा तिचा, उंची तिची. मी विचारलं, हा शब्द तुला कुणी शिकवला? ती इंग्रजीत म्हणाली, "फोनवरच्या बाईंनी."

मग सगळं सांगितलं. लपवायसारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. रोज दुपारी खिडकीजवळचा फोन वाजतो. आधी तिला काही कळायचं नाही, नुसती हूं हूं करायची. पण त्या बाई दमानं बोलतात. जेवलीस का. पाणी आलं का. शेळीला पाला घातलास का. असं करत मराठी यायला लागलं. तिला वाटलं, मालकांच्या घरातल्या कुणी आजी आहेत, एकट्या मुलीची चौकशी करतात. "किती चांगली पद्धत आहे," ती म्हणाली. "आमच्याकडंही म्हाताऱ्या बायका अशाच फोनवर जीव खातात."

मी बाहेर गेले. उन्हात उभी राहून घरावरून खांबापर्यंत वायर बघितली. खांबापाशी ती तुटलेली आहे. टोक हातभर लोंबतं आणि त्यावर गांधीलमाश्यांनी पोळं केलंय. जुनं, वाळलेलं. म्हणजे आज काल तुटलेली नाही.

परत आले, खुर्ची ओढून फोनपाशी बसले. नेएमानं चहा दिला. गाळणी दोनदा आपटली. फोन वाजला नाही. मी तिच्याकडं विजयानं बघितलं असेन. ती म्हणाली, "तुम्ही बसला आहात ना, म्हणून. त्या लाजतात."

कावेरी लाजायचीच. मी तिला कधी मोठ्यानं बोललेलं ऐकलं नाही. आणि एकटी ती कुठं म्हणून जायची नाही. दळण आणायचं तरी सोबत लागायची. तुळजापूरला जायचं म्हणाली की तू पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचास, अक्काला घेऊन जा. दवाखान्यात, अक्काला घेऊन जा. तिच्या माहेरी मयत झालं तेव्हासुद्धा, अक्काला घेऊन जा. गाडीत बसली की माझा पदर मुठीत धरून ठेवायची, घामेजलेल्या मुठीत, उतरेपर्यंत. मी चिडायचे.

मी नेएमाला विचारलं, त्या बाई आणखी काय म्हणतात? ती आठवून म्हणाली, "म्हणतात, लांब जायचंय. येकटीला भ्या वाटतं." हे तिनं मराठीत म्हटलं. माझी नोकरी आवाजांत गेली, कृष्णा. चेहरे विसरते, आवाज नाही. एकेका हॅलोवरून माणूस ओळखायचे. तो आवाज नेएमाचा नव्हता.

मी तिला आजही काही सांगितलं नाही. पण सांगणार आहे. त्याआधी तू येऊन सांगावंस म्हणून हे पत्र. किल्ली तू दिलीस, परत घ्यायला तूच ये.

अक्का

नळदुर्ग
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

कृष्णा,

तू आला नाहीस. गौरी आल्या, गेल्या, पक्ष लागला.

पोरगी वाळली आहे. सोलापुरात डॉक्टरला दाखवलं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं चांगलं आहे म्हणाले, घरची आठवण येत असेल. घर कुठलं, ते मी विचारलं नाही. तिच्या आईचा फोन येतो तेव्हा ती आईशी अडखळत बोलते. आपली भाषा बोलताना शब्द शोधावे लागतात, म्हणाली. आणि माझ्याशी मराठी घडाघडा.

बुधवारी मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. बाभळीची फांदी, नक्षत्र, सहा महिने, हिरवं इरकल. इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं होतं, इंग्रजीत ते मूर्खपणाचं वाटेल. वाटलं नाही. मग तिनं विचारलं, "घर दाखवायला आले तेव्हा ते स्वतः आत का आले नाहीत, ते मला आता कळलं. मिस, तुमच्या भावाला मी माणूस वाटले नाही का?"

हा प्रश्न मी तुझ्याकडं पाठवते आहे.

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता, आणि मला बरं वाटलं, कारण तो संताप तिचा स्वतःचा होता. म्हणाली, "मी घर शोधत फिरले तेव्हा लोक मला तोंडावर नाही म्हणाले. त्यांचा मला राग नाही. हो म्हणाला तो एकटाच."

त्याच दिवशी मी तिला, तिच्या पेटीला आणि मलाइकाला माझ्याकडं आणलं. शब्बीरनं टेम्पो दिला. इरकल तिथंच ठेवलं. ती जेवली, हसली, मलाइकानं माझी तुळस खाल्ली. दिवेलागण झाली आणि ती बोलताबोलता उठली. चपला न घालता निघाली. मी हात धरला तर म्हणाली, "सोडा वन्सं, घर रिकामं हाय. दिवा लावायचाय." माझ्या हाताला ओढ कळत होती. तिच्या अंगात इतका जोर उरलेला नाही.

मी शब्बीरला फोन केला. म्हटलं, किल्ली नेएमानं कंपाउंडच्या आत ठेवलीय, आत जा आणि देव्हाऱ्यात दिवा लाव. तो म्हणाला, "मॅडम, मी? तुमच्या देवाला?" मी म्हटलं, चालेल. त्यानं बिचाऱ्यानं लावला. मैमुना दारात उभी राहिली होती, मोठमोठ्यानं कलमा म्हणत. इकडं नेएमा त्याच क्षणी खाली बसली आणि इंग्रजीत म्हणाली, मला पाणी द्या.

तेव्हा अट पाळावी लागते. भाडेकरूनंच पाळली पाहिजे असं नाही, कुणी तरी पाळली की भागतं. शब्बीरला रोज सांगता येणार नाही, आणि रात्री झोपायला तर नाहीच. म्हणून त्याच रात्रीपासून मी या घरात राहते आहे. हे पत्र इथूनच लिहिते. माझा यावर विश्वास नाही. मी फक्त दिवा लावते आणि झोपते.

तू काळजी करशील म्हणून लिहीत नाही. करणार नाहीस.

अक्का

नळदुर्ग, हायवेकडचं घर
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

कृष्णा,

नेएमा सुधारते आहे. माझ्या मागच्या खोलीत राहते, वाड्यावस्त्यांवर शेळ्या मोजत हिंडते, मोठ्यानं गाते. ती मराठी विसरत चालली आहे. मागल्या आठवड्यात मी तिकडं गेले तेव्हा मीठ मागताना शब्द सापडेना, बोटानं दाखवलं. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. आईशी मात्र आता घडाघडा बोलते.

इथं आम्ही ठीक आहोत.

ही ओळ मी परत वाचली. खोडत नाही, तूही वाच. मी एकटीच आहे आणि लिहिताना तसं लिहिलं गेलं. ताटंही दोन घेतली जातात. मंगळवारी मला स्टँडवर जायचं होतं, बँकेत काम होतं, आणि मी दारापर्यंत जाऊन परत आले. एकटीनं रस्ता ओलांडायची भीती वाटली. मला! मैमुनाला हाक मारून सोबत नेलं आणि रस्ताभर तिची ओढणी मुठीत धरली होती, हे ती म्हणाली तेव्हा कळलं. "मॅडम, सोडा की, फाटंल," ती म्हणाली, थट्टेनंच. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

फोन आता मी बसलेली असतानाही वाजतो. मी उचलत नाही. मला ऐकायची गरज नाही, काय म्हणायचंय ते कळतं. शनिवारी सहा महिने पुरे होतात. शनिवारी पाडवा. कावेरीला त्या दिवशी निघायचं आहे आणि सोबत हवी आहे. नेएमाच्या नावाचा करार तुझ्या सहीनं अजून उभा आहे, म्हणून ती नेएमाला मागते. इथं मी आहे, म्हणून आता मलाही मागते. या दोघींतली एक, असा तिचा हिशोब नाही. ती बिचारी हिशोब कधी करायचीच नाही. जी समोर असेल तिचा पदर धरायची, कारण ज्याचा धरायचा होता तो पेपर वाचत असायचा.

शेवटच्या दिवशीही तू बाहेरच्या खोलीत होतास. दिग्विजयनं सांगितलं मला. आतून ती हाक मारत होती आणि तू भटजींना फोनवर नक्षत्र विचारत होतास. आणि गेल्यावरही सोबत म्हणून पाठवलंस ते दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीला. कृष्णा, ती सोबत शोधत नाही रे. ती तुला शोधते आहे. तू इतकी वर्षं नवऱ्याऐवजी कुणाला तरी धाडत आलास, तिला वेगळं माहीतच नाही.

मी तुला मरायला बोलवत नाही. मी तुझी बहीण आहे आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तू ये, या खोलीत बस, आणि तिला स्वतःच्या तोंडानं सांग की मी आहे इथं, तू नीट जा. एवढंच तिला कुणी कधी सांगितलं नाही.

आता या पत्राचं खरं कारण. काल शब्बीर गाडीचा टायर आणायला सोलापूरला गेला होता, तो तुला भेटला. तू त्याला चहा पाजलास. खुशीत होतास म्हणे. म्हणालास, "अक्काचा राग गेला. शुक्रवारी दुपारी घरच्या फोनवरनं फोन आला होता तिचा. म्हणाली, तू नको येऊ, मी आहे सोबत, माझं ठरलंय, पोरीलाही नेते बरोबर."

शब्बीर मला विचारत होता, मॅडम, फोन दुरुस्त झाला काय?

कृष्णा, मी तुला फोन केलेला नाही. तुटलेली वायर खांबावर लोंबते आहे, पोळ्यासकट. शुक्रवारी दुपारी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. आतून कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटलं, मला वाटलं मैमुनाचा टीव्ही. आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते लागत नव्हतं. स्वतःचा आवाज माणसाला ओळखता येत नाही, हे एक्स्चेंजमधली कुठलीही बाई तुला सांगेल.

तेव्हा नीट वाच. मला तुझ्याकडून लेखी हवं आहे, तुझ्या अक्षरात, खाली तुझी सही. नेएमाशी केलेला करार रद्द. तिच्यावर या घराचं काही देणं नाही, आणि या घराचा तिच्यावर काही हक्क नाही. तिसरी ओळ तुझ्या तोंडची: हे घर माझं आहे आणि त्यात जे कोणी आहे तेही माझं आहे. चौथी ओळ नेएमासाठी, तिच्या प्रश्नाचं उत्तर. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिही, ती विसरायच्या आत मी तिला वाचून दाखवीन.

शुक्रवार, १ नोव्हेंबर, दिवेलागणीच्या आत हा कागद माझ्या हातात पडला पाहिजे. टपालावर विसंबू नकोस. दिग्विजयच्या हाती पाठव, नाहीतर स्वतः घेऊन ये, तेच बरं. रविवारी भाऊबीज आहे. मला ओवाळायचं आहे, आणि ते मीच ओवाळावं अशी माझी इच्छा आहे.

फोन करून कळवू नकोस. मी दारापासून खिडकीपर्यंत पोचेपर्यंत तो उचललेला असतो. माझ्या आवाजात कुणी तुला काही सांगितलं, सगळं मिटलं म्हणालं, माया केली, रडलं, तरी ऐकू नकोस. हे अक्षर माझं आहे. बाकी काही माझं आहे असं धरू नकोस.

अक्का